शाल-श्रीफळ पुरे, बेघरांच्या सोबत्यांना साथ द्या

१० ऑक्टोबरला जागतिक बेघर दिन असतो. त्या सुमारास आपण सगळे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीत असतो, म्हणून तो दिवस आपल्या लक्षातही येत नाही. खरे तर बेघरांचा प्रश्न आंबेडकरी माणसाला कुणी समजावून सांगण्याची गरजच नाही.

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला भिवा मसूर स्टेशनवर उतरला. सोबत थोरला भाऊ आणि भाचे होते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ही पोरे निघाली. रात्री टोल नाक्यावर थांबली तेव्हा जवळ भाकरी होती, पण प्यायला पाणी कुणी दिले नाही. पुढे १९१७ मध्ये परदेशी पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हुसकावून लावले. छप्पर पैशाअभावी जाते तसे जातीमुळेही जाते, हे त्यांनी स्वतः भोगले आणि लिहून ठेवले.

आज मिरज जंक्शनच्या फलाटावर, साताऱ्याच्या एसटी स्टँडवर, सांगलीत कृष्णेच्या घाटावर जे झोपतात, त्यांच्याजवळ बसून बघा. त्यात मुलांनी टाकलेले म्हातारे असतात, मनोरुग्ण असतात, नवऱ्याने हाकललेल्या बाया असतात, पालावरची भटकी कुटुंबे असतात. २०११ च्या जनगणनेने देशात १७ लाख ७० हजारांवर बेघर मोजले. मुक्कामाला जागाच नाही, तो मोजणीत सुटतो, हे वेगळे सांगायला नको.

या माणसांसाठी राबणारे मोजके लोक आपल्या दोन जिल्ह्यांत आहेत. सांगलीत महापालिकेचे ‘सावली’ बेघर निवारा केंद्र इन्साफ फाउंडेशन चालवते. असे कार्यकर्ते काय करतात? जटा झालेले केस कापतात, आंघोळ घालतात, किडे पडलेली जखम धुतात. सिव्हिलमध्ये भरती करताना ‘नातेवाईक कोण?’ असे विचारले की पुढे होतात. आधार कार्डासाठी पत्ता लागतो आणि पत्ता नाही म्हणूनच तर तो बेघर आहे! कार्ड नाही म्हणून रेशन नाही, निराधार योजनेचे अनुदान नाही. ही गाठ सोडवायला ते कचेरीत दहा हेलपाटे घालतात.

अशांचा सत्कार जरूर करू. पण शाल-श्रीफळ देऊन फोटो काढला की आपली जबाबदारी संपली, हे आम्हाला मान्य नाही. त्यांना ‘देवमाणूस’ म्हणणे तर त्याहून सोयीचे. देवमाणूस म्हटले की सरकार मोकळे आणि आपणही मोकळे.

कारण हे दान-धर्माचे काम नाही, हक्काचे आहे. घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात निवारा येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा, चोवीस तास चालणारा निवारा सांगितला. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती. म्हणजे किमान पाच निवारे. सातारा शहरही लाखाच्या वर. तेव्हा एक तरी हवाच. आपण कधी हा हिशेब मागितला?

उलट १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात उभा आहे. उदरनिर्वाहाचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी भटकतो, एवढ्यावर माणूस भिकारी ठरून डांबला जाऊ शकतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना नक्की होईल. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे लागू असलेल्या या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली. महाराष्ट्रात ही मागणी कोण करणार?

संत गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. छप्पर आणि शिक्षण यांची ही सांगड आपला वारसा आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा निवाऱ्याला द्या. महिन्यातून एक रात्र स्टँडवर फिरा. वकील असाल तर भीक कायद्यात पकडलेल्यांची बाजू मांडा. नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि निवाऱ्यातल्या कर्मचाऱ्यांचे मानधन वेळेवर मिळते का, तेही विचारा. राबणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे वाटून घेणे, हाच त्याचा सत्कार.

जयभीम!