लिंक फेल है

उत्तर भारतातल्या एखाद्या सरकारी कचेरीत, बँकेत किंवा टपाल कार्यालयात काम पडलेल्या मराठी माणसाला 'लिंक फेल है' हे वाक्य नव्याने सांगावे लागत नाही. आपल्याकडे अशा वेळी 'सर्व्हर डाऊन आहे' असे म्हणतात. दोन्ही वाक्यांत माणूस कोठेच नाही, ही त्यांची सोय. पाऊस पडतो आहे, तशी लिंक फेल आहे. ऐकणाऱ्याने काय करावे, तर छत्री मिटून घरी जावे.

नेटवर्क व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर हा मोठ्या संगणक केंद्रांचा विषय, चाळीस संगणकांच्या कचेरीला ते कशाला, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. रांचीला नेमणूक असताना २०२२ साली आम्ही असे सॉफ्टवेअर एका लहान कार्यालयात बसवले. ते कसे बसवले यापेक्षा बसवल्यावर काय दिसले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पण पहिल्यावाचून दुसरे कळणार नाही.

कार्यालयात ३८ संगणक, तीन स्विच, एक राऊटर, पाच प्रिंटर आणि हजेरीची दोन यंत्रे होती. बाहेरची लाइन एका कंपनीची, भाडेतत्त्वावर घेतलेली. खिडकीवर येणारे बहुतेक लोक निवृत्त कामगार. लोहरदगा, गुमला, खुंटी या बाजूंनी ते पहाटेची पहिली बस धरून येत आणि खिडकी उघडण्याआधीच ओसरीवर बसलेले असत. नोव्हेंबरात ही गर्दी तिप्पट होई, कारण तेव्हा हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्र सरकारने २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही व्यवस्था सुरू केल्यापासून हा दाखला बोटाच्या ठशावर, संगणकामार्फत देता येतो. ही सोय खरोखरच चांगली आहे. मात्र लाइन नसेल तर समोर जिवंत बसलेला माणूसही दाखल्यापुरता जिवंत ठरत नाही. त्याला परत पाठवायचे म्हणजे बसचे भाडे आणि एक दिवस पुन्हा खर्ची घालायला लावायचे.

'लिंक किती वेळा जाते?' असे मी विचारले तेव्हा मला तीन उत्तरे मिळाली. खिडकीवरचे सहायक म्हणाले, "मॅडम, रोज." बडे बाबू म्हणाले, "कभी-कभी." कंपनीच्या मासिक अहवालात उपलब्धता ९९ टक्क्यांहून अधिक दाखवली होती. तिघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते, हे पुढे कळले.

सॉफ्टवेअर निवडण्याचे काम सोपे होते. झॅबिक्स ही लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेली, २००१ पासून सर्वांना उपलब्ध असलेली मुक्तस्रोत प्रणाली आहे. तिला पैसे पडत नाहीत. सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, असे केंद्र सरकारचे २०१५ चे धोरणही आहे. गंमत अशी की पैसे पडत नाहीत हीच अडचण झाली. विकत घ्यायच्या वस्तूसाठी टिपणीचा नमुना ठरलेला असतो; शून्य रुपयांच्या वस्तूची टिपणी कोणत्या सदराखाली मांडावी, हे कोणालाच ठरवता येईना. फाइल तीन आठवडे फिरली. मुख्यालयाच्या संगणक विभागाची लेखी परवानगी मात्र मी आग्रहाने मागितली होती. सरकारी जाळ्यावर कोणीही आपल्या हौसेने पाहणी करणारे यंत्र बसवू नये, असे माझे मत आहे.

आमचा कंत्राटी तंत्रज्ञ चोवीस वर्षांचा मुलगा होता. बाद ठरलेल्या एका संगणकात जादा मेमरी घालून, त्यावर लिनक्स चढवून त्याने झॅबिक्स चालू केले. प्रत्येक उपकरणाला दर मिनिटाला हाक मारायची आणि ओ आली की नाही, किती वेळाने आली, ते लिहून ठेवायचे, एवढेच त्याचे मूळ काम. या हाक मारण्याला 'पिंग' म्हणतात. १९८३ मध्ये माइक मूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने पाणबुड्या शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून ते नाव दिले. पिंगपेक्षा अधिक माहिती हवी असेल, म्हणजे स्विचच्या कोणत्या तोंडातून किती माहिती वाहते आहे वगैरे, तर एसएनएमपी नावाची १९८८ पासून प्रचारात आलेली बोली आहे. तिच्या जुन्या आवृत्त्यांत परवलीचा एक शब्द लागतो, आणि पुष्कळ उपकरणांत तो कारखान्यातूनच 'पब्लिक' असा घालून येतो. आमच्या तीनपैकी दोन स्विचांत तो तसाच होता. घराला कुलूप लावून किल्ली दारातल्या खिळ्याला अडकवावी, तसा हा प्रकार. तो बंद करून स्विचांवर सांकेतिक स्वरूपात बोलणारी तिसरी आवृत्ती लावली. जुन्या प्रिंटरना ती येत नव्हती, म्हणून त्यांना नुसती हाक.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'लिंक' नावाची एक वस्तू नसतेच. खिडकीवरच्या संगणकापासून मुख्यालयाच्या प्रणालीपर्यंत एक साखळी असते. आम्ही तिच्यातले पाच टप्पे निवडले: पहिल्या मजल्यावरचा स्विच, आपला राऊटर, कंपनीचे पहिले ठाणे, बाहेरच्या जगातला एक भरवशाचा पत्ता आणि शेवटी मुख्यालयाच्या प्रणालीचे पान. हे पान किती सेकंदांत उघडते, याची वेगळी नोंद ठेवली. अलीकडचा टप्पा बंद असेल तर पलीकडच्यांसाठी ओरडू नकोस, असेही त्या सॉफ्टवेअरला शिकवता येते. तसे शिकवले नाही तर एक राऊटर बंद पडताच पलीकडच्या साऱ्या टप्प्यांच्या सूचना एकदम येतात आणि माणसे सूचना वाचणेच सोडून देतात.

घड्याळांचेही एक काम करावे लागले. राऊटरचे घड्याळ अकरा मिनिटे मागे होते आणि एका स्विचच्या मते तर अजून १९७० साल चालू होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने दिलेल्या आदेशांत सर्व संगणकांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे म्हटले आहे. अनेकांनी हा आदेश कागदी म्हणून बाजूला ठेवला. आमच्या पुढच्या भांडणात तोच उपयोगी पडला.

सहा आठवड्यांच्या नोंदी घेऊन बसलो, तेव्हा एक आलेख पाहून तो मुलगा हसू लागला. पहिल्या मजल्यावरचा स्विच दर संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मरत होता आणि सकाळी दहा-वीस ते दहा-चाळीसच्या दरम्यान पुन्हा जिवंत होत होता. शनिवार-रविवारी तो पूर्ण मेलेला. यंत्र बिघडते तेव्हा ते सुट्टीचे दिवस पाहून बिघडत नाही. आम्ही वर गेलो. स्विच एका कपाटाच्या माथ्यावर फायलींच्या मागे ठेवला होता आणि त्याची वायर खाली येऊन ज्या फळीवर चहाची किटली लावतात, त्याच फळीला जोडली होती. वीज बचतीचे परिपत्रक निघाल्यापासून रात्रीचे चौकीदार इमारतीतली सारी बटणे न चुकता बंद करत असत. सकाळी किटली लावायची वेळ झाली की कोणीतरी ती फळी चालू करी. खिडकी दहाला उघडे. चहा साडेदहाला होई.

म्हणजे पहिल्या बसने आलेली माणसे 'लिंक फेल है' ऐकत होती ती चहाची वेळ होईपर्यंत. त्यांतले किती जण तेवढ्यावर परत गेले, याची नोंद कोणत्याही यंत्रात नाही.

"चाचा, हे बटण बंद करू नका," असे तंत्रज्ञाने चौकीदारांना हिंदीत सांगितले, तेव्हा त्यांनी परिपत्रकाची प्रत खिशातून काढून दाखवली. त्यांचे काही चुकले नव्हते. मी परिपत्रकावर एक ओळ लिहून सही केली, स्विचला स्वतंत्र प्लग दिला आणि त्यावर लाकडी खोके बसवले. खर्च किरकोळ खर्चाच्या रकमेतून भागला.

त्या सहा आठवड्यांतल्या 'लिंक फेल'पैकी निम्म्याहून अधिक वेळ आमच्याच भिंतींच्या आत गेला होता. उरलेल्यात काही वेळा मुख्यालयाची प्रणालीच मंद होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिचे पान उघडायला चाळीस-पन्नास सेकंद लागत. आम्ही ते आलेख वर पाठवले. तक्रार म्हणून पाठवलेल्या पत्रांना पूर्वी पोच येई. आलेखांना दूरध्वनी आला.

बाहेरच्या लाइनचा दोष होता तो एप्रिल ते जून या महिन्यांत. दुपारनंतर काळे ढग येतात, विजा पडतात. तिकडच्या वर्तमानपत्रांत त्याला 'वज्रपात' म्हणतात. त्यानंतर कंपनीचे यंत्र तास-दोन तास गप्प. कंपनीच्या अहवालात हे फारसे दिसत नसे, कारण खंडाचा काळ आम्ही तक्रार नोंदवल्या क्षणापासून मोजला जाई आणि तक्रार नोंदवायला दूरध्वनीवर अर्धा तास जाई. एका बैठकीत त्यांच्या प्रतिनिधीने अकरा-चाळीसची नोंद दाखवली, आम्ही दहा-पन्नासची. आमची वेळ राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जुळलेली होती. वाद तेथे संपला आणि त्या तिमाहीच्या बिलातून करारानुसार वजावट झाली.

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला येथे अकरलॉफ आठवणे साहजिक आहे. विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा जुन्या मोटारींच्या बाजाराचे काय होते, हे त्यांनी १९७० च्या लेखात दाखवले. पण आमच्या करारात त्याहून साधी गोष्ट दडली होती. ९९ टक्के उपलब्धता महिन्याच्या ७२० तासांवर मोजली जात होती. म्हणजे सात तास बारा मिनिटे बंद राहण्याची मुभा. आमची खिडकी दहा ते चार, महिन्यातून साधारण २१ दिवस, म्हणजे १२६ तास. मुभेचा सगळा वेळ कामाच्या वेळेत पडला तर खिडकी एक अख्खा दिवस आणि वर सव्वा तास बंद राहील, आणि तरीही करार शंभर टक्के पाळला जाईल. रात्री तीन वाजता लाइन उत्तम चालते, याचे श्रेय घेऊन दुपारचा खंड भरून काढता येतो. नव्या करारात आम्ही उपलब्धता खिडकीच्या वेळेवर मोजण्याचे आणि वेळ आमच्या नोंदीवरून धरण्याचे कलम घातले. कंपनीने दर थोडा वाढवून मागितला. मला तो रास्त वाटला. तो दिला आणि एक छोटी मोबाइल लाइन पर्यायी म्हणून घेतली.

दरम्यान एक वेगळेच प्रकरण उभे राहिले. एका वरिष्ठांनी विचारले, "यात कोण कोणते संकेतस्थळ पाहतो, तेही कळेल ना?" दोनच दिवसांनी बडे बाबू कर्मचाऱ्यांच्या वतीने आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, इसमें हम लोगों का भी फोटो आता है क्या?" फोटो येत नाही, हे खरे. पण कोणता संगणक किती वाजता चालू झाला, हे दिसते, आणि त्यावरून माणसाची हजेरी काढणे अवघड नाही. पाहण्याची सोय हाती आली की पाहण्याचा विषय हळूहळू यंत्राकडून माणसाकडे सरकतो. मी हे अन्य ठिकाणी झालेले पाहिले आहे. म्हणून यादीत कर्मचाऱ्यांची नावे घातली नाहीत, खोली क्रमांक आणि तोंडाचा क्रमांक एवढेच. टेबलांवरचे संगणक पाहणीतून वगळले. फक्त खिडकीवरचे दोन ठेवले. हे सारे टिपणीत लिहून तिची प्रत बडे बाबूंना दिली. वरिष्ठांना तीच प्रत पाठवली. त्यांचे उत्तर आले नाही, आणि मीही स्मरणपत्र पाठवले नाही.

खिडकीशेजारी एक पाटी लावली. पडद्यावरचा नकाशा बाहेरच्यांना दाखवणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नव्हते, म्हणून साधी खडूची पाटी. 'लिंक फेल' हे शब्द तिच्यावर लिहायचे नाहीत, असे ठरले. काय बंद आहे, केव्हापासून, आणि आलेल्या माणसाचे काम आज कसे होईल, एवढेच लिहायचे. पहिल्या आठवड्यात सहायकांना हे जड गेले. मग तेच येऊन सांगू लागले, "मॅडम, आज राऊटर तक ठीक है, उसके आगे गड़बड़ है." लाइन पंधरा मिनिटांत आली नाही तर मोबाइल लाइनवर ठसे घ्यायचे. त्या नोव्हेंबरात दोन दिवस तसे घेतले. काम मंद चालले, पण कोणी परत गेले नाही.

२०२४ मध्ये माझी बदली झाली. कार्यभार सोपवण्याच्या नमुन्यात कपाटे, किल्ल्या, वाहन, शिक्के यांना रकाने आहेत. चालू असलेल्या सॉफ्टवेअरला नाही. 'इतर' या सदराखाली ते लिहिले, सोबत तीन पानांची माहिती आणि परवलीच्या शब्दांचे मोहोरबंद पाकीट दिले. तंत्रज्ञाचे कंत्राट त्याच वर्षी संपणार होते, म्हणून त्याने ती पाने बडे बाबूंना कळतील अशा हिंदीत लिहिली होती. महिन्याभराने नव्या अधिकाऱ्यांचा दूरध्वनी आला. सातव्या खोलीतला प्रिंटर सारखा लाल दिसतो, काय करावे? तो भंगारात गेला आहे, यादीतून काढून टाका, असे मी सांगितले.