रस्त्याखालचा बाजार

फलटणच्या आठवडी बाजारावर आभाळाचं छप्पर असतं. त्यामुळं मुंबईत सीएसएमटीच्या भुयारी मार्गात उतरल्यावर अम्मींनी विचारलं, "ये टेसन है की बाजार?" एका बाजूला १८८८ साली पूर्ण झालेलं स्टेशन, रस्त्यापलीकडे अंजुमन-ए-इस्लामची इमारत आणि मधल्या रस्त्याच्या पोटात हा बाजार. आम्हाला अंजुमनमध्ये काम होतं. पाच मिनिटांची वाट, पण आम्हाला तास लागला.

वर लोकल रिकामी झाली की जिन्यांवरून माणसांचा लोंढा खाली येतो. थांबलात तर मागचा धडकतो. या वाहत्या गर्दीतलं गिऱ्हाईक पकडायला विक्रेत्याला दोन-तीन क्षणच मिळतात. म्हणून माल कसला, तर मोबाइलची कव्हरं, चार्जर, पट्टे, पाकिटं, पर्सा. नजरेत भरणारा आणि पिशवीत मावणारा. आम्ही वर्गात व्यापार शिकवतो. त्या धड्यात हे दोन-तीन क्षण नाहीत.

अम्मींनी जमिनीवर प्लास्टिक अंथरून बसलेल्या एका पोराकडे पर्सचा भाव केला. बोली ओळखीची वाटली म्हणून विचारलं, "कहाँ का है रे बेटा?" मिरजेचा निघाला. उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेला. आम्ही शिक्षक आहोत हे कळताच उभा राहिला.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "गाडी आयी!" प्लास्टिकचे चार कोपरे एकत्र आले, गाठोडं झालं. "अम्मा, दो मिनट," म्हणत त्यानं ते अम्मींच्या पायाशी ठेवलं आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. अम्मींनी त्यावर ओढणी पसरली आणि जिन्याच्या कडेला अशा बसल्या, जणू गावाकडच्या गाडीची वाट बघताहेत! गाळेवाले मात्र आपल्या जागी निवांत होते.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्यानंतर उच्च न्यायालयानं स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. चालणाऱ्याला वाट हवीच. त्या पुलावर गेलेलीही कामाला निघालेली माणसंच होती. पण १५० मीटर दूर बसलेल्याकडे लोकलची गर्दी कशी पोहोचणार? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, ठरवून दिलेली जागा, सगळं लिहिलेलं आहे. जपानमध्ये टोकियोच्या शिबुया स्टेशनजवळ रस्त्यावरच्या विक्रेत्यांना हलवलं, तेव्हा त्यांच्यासाठी जमिनीखालीच बाजार बांधला. तो १९५७ साली सुरू झाला. उठवणं आणि बसवणं तिथं एकाच कामाचे दोन भाग होते. आपल्याकडे पहिला भाग रोज होतो.

अर्ध्या तासानं पोरगा परतला. गाठोडं उचलण्याआधी त्यानं खिशातून घडी पडून मऊ झालेला कागद काढला. परवान्याचा अर्ज, मराठीत. "सर, बोलता येतं. पण हे सरकारी मराठी…" बोलताना तो गिऱ्हाइकाशी हिंदी, शेजाऱ्याशी मराठी, अम्मींशी दखनी बोलत होता. तिन्हीत कुठं अडखळला नाही. अडला तो 'अधिवास' या शब्दाशी. आमच्या वर्गातली मुलं अशाच शब्दांशी अडतात, हे आम्हाला रोज दिसतं.

जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून आम्ही एकेक रकाना वाचून दाखवला, तो सांगेल ते लिहीत गेलो. नाव, वय, शिक्षण. मग आला 'व्यवसायाचे ठिकाण'.

"काय लिहू?" आम्ही विचारलं.

त्यानं पायाखालच्या फरशीकडं बोट दाखवलं.