एका मोटारीचा जीर्णोद्धार

बैल गाडीच्या पुढे असतो, घोडा टांग्याच्या पुढे असतो. तेव्हा मोटारीचे इंजिनही पुढेच असणार, अशी आपल्या मनाची ठेवण झालेली असते. परंतु गेल्या शतकाच्या मध्यावर युरोपातील अनेक छोट्या गाड्यांनी ही रीत उलटी केली. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल, फ्रान्सची रेनो फोर सीव्ही, इटलीची फियाट ५०० या साऱ्या गाड्यांचे इंजिन पाठीमागे होते. पुढचे झाकण उघडावे, तर आत सामान ठेवायची जागा! महायुद्धाने होरपळलेल्या त्या देशांत सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी हवी होती. इंजिन मागच्या चाकांजवळच बसवले की शक्ती पुढून मागे नेणारा लांब दांडा लागत नाही. खर्च वाचतो, वजन वाचते आणि छोट्या गाडीतही माणसांना पाय पसरायला जागा मिळते. शिवाय वजन चालत्या चाकांवर पडत असल्यामुळे चढावर आणि चिखलात चाके जमीन घट्ट धरून ठेवतात. तोटेही होतेच. वळणावर वेग आवरला नाही तर अशा गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते.

हा विचार आपल्याकडेही रुजला होता. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेने तयार केली. हवेने थंड होणारे इंजिन त्यांनी मागे बसवले आणि पुढील वीस-पंचवीस वर्षे ते तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या घडवीत राहिले. तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र कधीच सुरू झाले नाही. बेंगळुरूमध्ये सनराइज ऑटो इंडस्ट्रीज या कंपनीने १९७५च्या सुमारास 'बादल' ही तीन चाकांची मोटार बाजारात आणली. तिचे अंग फायबरग्लासचे होते आणि मागच्या बाजूला १९८ सीसीचे स्कूटरसारखे इंजिन होते. पुण्याच्या बजाज कंपनीने १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. टाटांची नॅनो २००८ साली लोकांसमोर आली, तेव्हा तिचेही इंजिन मागेच होते. 'मीरा'चे स्वप्न आणि नॅनोची जाहिरात यांत साठ वर्षांचे अंतर आहे. पण दोन्हींच्या मुळाशी साध्या कुटुंबाला चार चाके मिळावीत, हीच इच्छा होती.

या साऱ्या गोष्टी मी पुस्तकांतून शिकलो नाही. माझ्या मामांच्या गाडीमुळे त्या मला कळल्या. मामा मूळचे बेळगावचे. डॉक्टर होऊन ते बेंगळुरूला आले आणि मल्लेश्वरमध्ये त्यांनी दवाखाना थाटला. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी अधिकाऱ्याची १९६४ सालची बीटल त्यांनी १९६८ साली विकत घेतली. त्या वेळी कर्नाटकाचे नाव म्हैसूर राज्य असे होते आणि गाडीच्या पाटीवरही म्हैसूरचीच अक्षरे होती. मामा तिला 'कासव' म्हणत. रात्री-अपरात्री रुग्णाकडे जाताना या कासवाने त्यांना कधी दगा दिला नाही, असे मामी सांगत. १९८९ मध्ये मामा गेले आणि गाडी घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. सत्तावीस वर्षे ती तशीच उभी होती.

२०१६ साली घर पाडून तेथे सदनिका बांधण्याचे ठरले, तेव्हा गाडीचा प्रश्न पुढे आला. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. मामी त्या वेळी ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "एकदा तिच्यात बसून बँकेत जाऊन येते, मग काय ते करा." हे बोलणे ऐकल्यावर भंगाराचा विषय संपला.

शोध घेता घेता आम्ही एका मिस्त्रींकडे पोहोचलो. त्यांनी अकराव्या वर्षी शाळा सोडली होती आणि जे. सी. रोडवरच्या एका गॅरेजमध्ये पाने पुसण्यापासून सुरुवात केली होती. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांची त्यांची जाण मात्र शहरातील अनेक अभियंत्यांना ठाऊक होती. त्यांनी गाडीच्या अंगावरून एक लोहचुंबक फिरवले. जेथे चुंबक चिकटेना, तेथे ते खडूने खूण करीत गेले. "येथे पत्रा नाही, पुट्टी आहे," असे ते म्हणाले. मग त्यांनी मागचे बाक उचलले. बीटलची बॅटरी या बाकाखाली असते. तिच्यातील आम्ल गळून खालचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. दारांखालच्या पोकळ पट्ट्याही गंजल्या होत्या. इंजिनाची ऊब आतल्या माणसांपर्यंत नेण्याचे काम याच पट्ट्या करतात.

काम सुरू होण्यापूर्वीच घरात मतभेद झाला. मामेभावाचा मुलगा संगणक क्षेत्रात नोकरी करतो. त्याला गाड्यांची आवड आहे आणि त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. तो म्हणाला, "काका, चौतीस अश्वशक्तीच्या इंजिनाने आजच्या रहदारीत कसे चालवायचे? नवे इंजिन घालू, डिस्क ब्रेक लावू, वातानुकूलन बसवू. बाहेरून तीच राहील, आतून आजची होईल."

गाडीत बदल करणे ही काही कमी प्रतीची विद्या नव्हे. इटलीत कार्लो अबार्थ यांनी फियाटच्या चिमुकल्या गाड्यांना शर्यतीत उतरवले. इंजिनाला हवा मिळावी म्हणून त्यांच्या काही गाड्या मागचे झाकण उघडे ठेवूनच धावत. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली फायबरग्लासचे हलके अंग घडवले आणि पुढे बीटलचा सांगाडा आखूड करून त्यावर ते बसवण्याची रीत पाडली. वाळूच्या टेकड्यांवर धावणाऱ्या गाड्यांचा एक नवा प्रकार त्यातून जन्माला आला. या माणसांनी जुन्या वस्तूतून नवी वस्तू निर्माण केली आणि ती नवी आहे, हे लपवले नाही. आमच्यापुढचा प्रश्न निराळा होता. मामांची गाडी म्हणून जी आम्ही मामींपुढे उभी करणार होतो, तिच्यात मामांच्या गाडीतले नेमके काय उरणार होते?

मराठीत 'जीर्णोद्धार' असा एक सुंदर शब्द आहे. जे जीर्ण झाले, ते वर उचलणे हा त्याचा अर्थ. परंतु जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या मंदिराला चकचकीत तैलरंग फासलेला आपण अनेक गावांत पाहतो. तेथे श्रद्धा असते, खर्चही भरपूर झालेला असतो. पण कारागिराच्या छिन्नीची रेघ मात्र बुजून गेलेली असते. याच्या उलट, कशालाच हात लावायचा नाही असे ठरवले, तर गळके छप्पर एक दिवस मूर्तीवर कोसळते. या दोन टोकांच्या मध्ये रेघ कोठे ओढायची, हे आम्हाला कळत नव्हते.

ती रेघ मामींनी ओढून दिली. बराच वेळ ऐकून घेतल्यावर त्या नातवाला म्हणाल्या, "अरे, पोत जुनी झाली की पटवेकऱ्याकडे नेऊन गाठवून घेतात. दोरा नवा येतो, मणी तेच राहतात. मणी विकून दोरा जपलेला मी तरी कुठे पाहिला नाही."

त्यानंतर आमचे काम सोपे झाले. गाडीतला दोरा कोणता आणि मणी कोणते, एवढेच ठरवायचे होते. रबर, तारा, नळ्या, पट्टे, टायर हा दोरा. तो झिजण्यासाठीच असतो. म्हणून तो निःशंकपणे नवा घेतला. इंजिन, सांगाडा, अंगाचा पत्रा, चाक फिरवताना मामांचे हात जेथे पडत ते सुकाणू, हे मणी. ते शक्य तोवर तेच ठेवायचे. काही गोष्टी मधल्या होत्या. मूळ गाडीत वीज सहा व्होल्टची होती. तिचे दिवे मिणमिणते. आम्ही बारा व्होल्टची व्यवस्था केली, मात्र काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवला. उद्या कोणाला वाटले, तर तो परत बसवता यावा. ब्रेकच्या बाबतीत नातवाचे म्हणणे निम्मे मान्य झाले. जुन्या रचनेत एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. बीटलच्याच नंतरच्या वर्षांतील गाड्यांसारखी दोन स्वतंत्र मार्गांची रचना आम्ही घेतली. एक मार्ग निकामी झाला, तरी दुसरा गाडी थांबवू शकतो. पुढच्या दोन्ही आसनांना पट्टेही लावले. माणसाच्या जिवापुढे जुनेपणाचा हट्ट धरू नये, याबद्दल मामींसह सर्वांचे एकमत होते.

इंजिन उतरवले, तो दिवस मला चांगला आठवतो. बीटलचे इंजिन मुख्यतः चार बोल्टांवर उभे असते. गाडी मागून उचलली, बोल्ट सोडले, तारा व नळ्या वेगळ्या केल्या आणि ते अलगद खाली उतरले. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, जमिनीला समांतर झोपलेले. प्रत्येकाच्या अंगावर पंखांसारख्या पातळ कडा. पाण्याची टाकी नाही, रेडिएटर नाही. एक पंखा हवा फेकतो आणि या कडांवरून उष्णता निघून जाते. तो पंखा आणि वीज तयार करणारा डायनामो एकाच पट्ट्यावर फिरतात. "डायनामोचा लाल दिवा लागला की गाडी तेथेच उभी करायची," मिस्त्री म्हणाले. "पट्टा तुटला असेल, तर हवाही बंद झालेली असते. एक मैल पुढे गेलात, तर इंजिन गमावलेत."

क्रँक ज्या जागी बसतो, ती जागा झिजली होती. ते आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. कोणीही उठून त्याला वेल्डिंग करू शकत नाही. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे ती जागा सरळ रेषेत पुन्हा कापून घेतली आणि जास्त मापाची बेअरिंगे परदेशातून मागवली. ती यायला चार महिने लागले. काही किरकोळ भाग शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात मिळाले. रंगाचा प्रश्नही गाडीनेच सोडवला. पेट्रोलची टाकी पुढच्या झाकणाखाली असते. ती काढल्यावर तिच्या खाली ऊन न लागलेला मूळ फिकट निळा रंग जसाच्या तसा सापडला. त्यावरून रंग जुळवला.

अडीच वर्षांनी, २०१९च्या जानेवारीत, इंजिन सुरू झाले. मिस्त्रींनी लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर रुग्णाची छाती तपासतो, तसे ते एकेका सिलिंडरपाशी थांबत होते. तिसऱ्यापाशी त्यांनी मान हलवली, व्हॉल्व्हचा फटीचा मापपट्टा मागितला आणि अर्ध्या तासाने पुन्हा ऐकले. या वेळी ते हसले. काही दिवसांनी आम्ही पहाटे नंदी टेकडीवर गेलो. शहरापासून सुमारे साठ किलोमीटर अंतर आणि शेवटी वळणावळणांचा चढ. मागच्या चाकांनी रस्ता असा धरला होता, की गाडी ओढली जात नसून कोणीतरी मागून हात लावून वर नेत आहे, असे वाटत होते. मामी पुढच्या आसनावर होत्या. त्या फारसे बोलल्या नाहीत. पुढील सोमवारी मात्र त्या ठरल्याप्रमाणे गाडीतून बँकेत जाऊन आल्या.

जुन्या गाड्यांना कायद्याच्याही काही मर्यादा आहेत. नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत. २०१९च्या जानेवारीतच सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'विंटेज' नोंदणीचे नियम आणले. गाडी मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, अंगात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, विंटेज मेळावा, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मामींना बँकेत जायचे असल्यामुळे आम्ही त्या नोंदणीच्या वाटेला गेलो नाही.

गाडी घरी आली, तरी माझे मिस्त्रींकडे जाणे थांबलेले नाही. त्यांच्याकडे तेलाने काळवंडलेली एक वही आहे. चाळीस वर्षांत हाताखालून गेलेल्या प्रत्येक इंजिनाची मापे तिच्यात आहेत. आकडे कानडी, शब्द थोडे आणि चित्रे पुष्कळ. कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे फक्त त्यांनाच माहीत आहे. त्यांच्याकडे शिकणारी मुले आता दोनच उरली आहेत, कारण नव्या गाड्यांचे काम संगणक लावून चालते. म्हणून दर रविवारी ते सांगतात आणि मी ती वही स्वच्छ अक्षरांत उतरवून घेतो. ती दोन मुले शेजारी बसून खुणा वाचायला शिकतात. एखाद्या चित्रापाशी मिस्त्री थांबतात, ती गाडी आठवतात, तिचा मालक आठवतात आणि मग माप सांगतात. वही अजून निम्मीच उतरून झाली आहे.