लिंबावरचं बिऱ्हाड

परसातल्या लिंबावर लालबुड्या बुलबुलानं घरटं केलंय, छातीएवढ्या उंचीवर. दोन पिल्लं आहेत, डोळे कालच उघडले. झाडावर पानं खाणारी अळीही पडलीय आणि पोरगा पंप भरून तयार! म्हटलं, थांब जरा. बुलबुल एरवी फळं खातो, पण पिल्लांना किडे-अळ्या लागतात. ओट्यावर बसून मोजलं, अर्ध्या तासात नऊ खेपा, नर-मादी दोघांच्या. पिल्लं उडायला अजून आठवडा. तोवर शेंड्याची पानं जातील, जाऊ देत, झाड मोठं आहे. रोपं असती तर फवारावंच लागलं असतं. भीती मांजराची जास्त, म्हणून खोडाला बाभळीच्या काट्या बांधल्यात. आधी मला बघून कलकलाट करायचे, आता शेजारी पाण्याचं परळ भरलं तरी हलत नाहीत. पोरगा रोज सकाळी विचारतो, उडाली का?