आमच्या मागे कोण?

मे महिन्यात पाचगणीला येणाऱ्या कुटुंबांचा क्रम ठरलेला असतो. सकाळी टेबललँड, दुपारी जाम-सरबतांची खरेदी, सायंकाळी पारसी पॉइंट. पुण्या-मुंबईची, सांगली-कोल्हापूरची व्यापारी घराणी दोन-तीन गाड्या भरून येतात. आजी-आजोबा, सुना, नातवंडे असा सारा गोतावळा असतो. मंडळी पठारावर पांगली, मुले घोड्यांकडे धावली, तरी एखाद्या गाडीत कोणीतरी मागे राहिलेले दिसते. वीस-बावीस वर्षांचा तरुण, नजर काचेबाहेर, ओठांवर अस्पष्ट हसू, आणि शेजारी त्याची आई, हातातल्या रुमालाने मधूनच त्याची हनुवटी टिपणारी. ती पठारावर जात नाही. गेली वीस वर्षे ती कोणत्याच पठारावर गेलेली नाही.

अशा आईच्या मनात एकच प्रश्न असतो आणि तो ती सहसा कोणाला विचारत नाही. आपण आहोत तोवर ठीक. आपल्या मागे याचे कोण?

पाचगणी हे गावच मुळी अशक्तांसाठी वसले. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने येथे वस्ती उभारली ती थकल्या-भागल्या, आजारातून उठलेल्या माणसांना कोरडी, निर्मळ हवा मिळावी म्हणून. पुढे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले. क्षयावर खात्रीचे औषध नव्हते आणि क्षयाचा माणूस घरात ठेवायला नातलग भीत, असा तो काळ. एका डॉक्टरच्या जिद्दीतून उभे राहिलेले ते आरोग्यधाम यथावकाश रेडक्रॉस सोसायटीकडे गेले आणि रुग्णालयाच्या रूपाने आजही आहे. संस्थापकाच्या मागे सेवा टिकण्याची ही एक वाट झाली. घराने सुरू करावे आणि मोठ्या संस्थेच्या ओटीत घालावे.

दुसरी वाट अधिक अवघड आहे. सेवा घरातच राहते, मुलगा ती पुढे नेतो, सून नेते, नातवंडे नेतात. महाराष्ट्रात या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वरोऱ्याचे आमटे कुटुंब. बाबा आमटे यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? परंतु नाव ठाऊक असणे निराळे, आणि एका घराने पिढ्यान्‌पिढ्या हे ओझे कसे उचलले, त्यात कोणाचे काय खर्ची पडले, हे पाहणे निराळे. ज्या घरांत पेढी बापाकडून मुलाकडे जाते, त्या घरांनी तर ते अवश्य पाहावे.

मुरलीधर देवीदास आमटे हे १९१४ मध्ये हिंगणघाटच्या सधन जमीनदार घराण्यात जन्मले. वकील झाले, वरोऱ्यात वकिली चांगली चालली. नगरपालिकेत असताना सफाई कामगारांचे दुःख समजावे म्हणून ते स्वतः मैल्याच्या टोपल्या वाहू लागले. अशाच एका रात्री, पावसात, त्यांना वाटेत एक कुष्ठरोगी पडलेला दिसला. तुळशीराम त्याचे नाव. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे. बाबा घाबरले आणि तेथून निघून गेले. इंग्रजांना न घाबरणारा माणूस एका मरणासन्न देहाला घाबरला, हे त्यांना स्वतःचेच सहन होईना. ते परत फिरले, त्याची शुश्रूषा केली. तो वाचला नाही. बाबांचे पुढचे सारे आयुष्य मात्र त्या पळून जाण्यातून निघाले. ही लाज त्यांनी कधी लपवली नाही, उलट जाहीरपणे सांगितली, आणि त्यांच्या थोरपणाचा हाच भाग मनाला अधिक भिडतो.

१९४९ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. त्याच वर्षी महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. पन्नास एकर खडकाळ माळरान, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. आणि हे वाचताना बहुतेकांच्या लक्षातून निसटते ते असे की त्या माळावर आणखी तिघे होते. साधनाताई, आणि चार वर्षांच्या आतबाहेरची दोन मुले, विकास व प्रकाश.

साधनाताई या नागपूरच्या घुले घराण्यातल्या, कर्मठ वळणात वाढलेल्या इंदू. १९४६ मध्ये विवाह झाला. नवऱ्याने वकिली सोडली, घर सोडले, आणि ज्या रोगाच्या नावानेच लोक रस्ता बदलत त्या रोगाच्या माणसांत संसार मांडायचे ठरवले. जेथे सापविंचवांचा सुळसुळाट आणि श्वापदांची भीती, तेथे दोन तान्ह्या जिवांना घेऊन चूल पेटवण्याचे धैर्य कोणाचे मोठे, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पुरस्कार बाबांना मिळाले: १९७१ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये मॅगसेसे, १९८६ मध्ये पद्मविभूषण. ताईंनी आपली बाजू ‘समिधा’ या आत्मकथनात लिहिली. समिधा म्हणजे यज्ञात पडणारे काष्ठ. हे नाव निवडताना त्यांनी तक्रार केलेली नाही, पण सारे सांगून टाकले आहे.

बाबांचा आग्रह एकच होता. रोग्याला भीक नको, काम द्या. त्यांच्या मते दयेच्या दानाने माणूस आतून मोडतो आणि कष्टाच्या भाकरीने उभा राहतो. बोटे नसलेल्या हातांनी विहीर खणली, माळाचे शेत केले. भाजी पिकू लागली. पण वरोऱ्याच्या बाजारात ती घेईना कोणी. कुष्ठरोग्याच्या हातची वांगी कोण शिजवणार? मग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी तरुण स्वयंसेवक बांधकामासाठी आनंदवनात येऊन राहिले. ते त्याच रोग्यांच्या हातचे धान्य, भाजी, दूध खातात-पितात, हे गावाने पाहिले आणि हळूहळू गिऱ्हाईक फिरकू लागले. व्यापार करणाऱ्या वाचकाला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. माल खोटा नव्हता, पत नव्हती. ती पत प्रवचनाने आली नाही, कोणीतरी समोर बसून जेवल्याने आली.

पुढे आनंदवनाचा विस्तार केवळ कुष्ठरोग्यांपुरता राहिला नाही. अंध मुलांची शाळा निघाली, मूकबधिर मुलांची निघाली, अस्थिव्यंग असलेल्या तरुणांना हाताला उद्योग देणारे संधिनिकेतन उभे राहिले. हातमाग, छपाई, लोखंडकाम, शिवण अशी खाती चालू झाली. ज्यांना गावाने हद्दीबाहेर घातले होते त्यांच्या श्रमातून धडधाकट मुलांसाठी महाविद्यालय उभे राहिले. कायद्याला हे उशिरा उमगले. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याने जे सात प्रकार मानले त्यांत ‘कुष्ठरोगमुक्त’ हा एक होता. २०१६ च्या नव्या कायद्यात प्रकार एकवीस झाले, त्यातही तो आहे. रोग बरा होतो. झडलेली बोटे परत येत नाहीत आणि सुटलेले घरही बहुधा परत मिळत नाही.

आता दुसरी पिढी. विकास आणि प्रकाश दोघेही डॉक्टर झाले. डॉ. प्रकाश १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाला गेले. त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी भूलतज्ज्ञ, त्याही बरोबर गेल्या. डॉ. विकास आनंदवनात राहिले, त्यांच्या पत्नी डॉ. भारती याही तेथेच. जाणाऱ्याची गोष्ट लोकांना अधिक आवडते. पण जो राहतो त्याच्याकडे किराणा येतो, पगार येतात, गळणारी छपरे येतात, शेकडो माणसांचे दुखणे-खुपणे येते. १९९० मध्ये बाबा नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले, ते जवळजवळ दहा वर्षे. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहावे किंवा आडवे व्हावे. त्या काळात आनंदवन थांबले नाही. मूळ पुरुष दूर असताना दुकान चालते की नाही, हीच वारसाची खरी परीक्षा. डॉ. विकास यांनी टाकाऊ प्लास्टिक आणि जुन्या टायरांतून बंधारे बांधले, लाकूड-लोखंडाशिवाय घुमटाकार घरे उभारली, अंध-अपंग कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद गावोगाव नेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. आनंदवन आमटे कुटुंबाने चालवले, पण ते कुटुंबाच्या मालकीचे नाही. मालमत्ता सार्वजनिक न्यासाची. पेढीत नाव आणि मालकी एका हाती असतात, न्यासात नाव घराण्याचे असले तरी वही समाजाची असते. या दोहोंमधली ओढाताण थोरामोठ्यांच्या घरीही चुकत नाही. तिसऱ्या पिढीतील डॉ. शीतल आमटे-करजगी संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. २०२० मध्ये कारभारावरून कुटुंबातील मतभेद जाहीरपणे पुढे आले आणि ३० नोव्हेंबर २०२० रोजी, चाळिशीच्या आतच, त्यांचे निधन झाले. यावर न्यायनिवाडा करण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाला नाही. मात्र एवढे म्हणता येते की दुसऱ्यांची दुःखे उचलणाऱ्या घराला स्वतःचे दुःख मांडायला जागा कमी पडते. सेवा करणारेही थकतात, हे आपण सोयीने विसरतो.

गाडीतल्या त्या आईकडे परत यावे. तिचे घर म्हणजे एका माणसासाठी चालणारे आनंदवनच. तेथेही एक संस्थापक आहे, एक साधनाताई आहेत, आणि दुसरी पिढी आहे जिला अजून कोणी विचारलेले नाही. धाकट्या भावाने गृहीत धरले जावे, हे त्याच्या बाबतीत जितके चुकीचे तितकेच त्याच्या होणाऱ्या पत्नीच्या बाबतीत. साधनाताई, भारतीताई, मंदाताई या तिघीही लग्न करून या घरात आल्या. त्यांनी डोळे उघडे ठेवून हो म्हटले. आपल्या घरांत मात्र स्थळ पाहताना हा मुलगा आतल्या खोलीत ठेवला जातो आणि नवी सून पहिल्या दिवाळीला त्याच्यासमोर येते. मग तिने आनंदाने करावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने ठेवायची?

शिवाय व्यवहाराचीही बाजू आहे आणि ती व्यापाऱ्यांनीच दुर्लक्षावी हे नवल. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. बँक खाते, मालमत्ता, शस्त्रक्रियेची संमती, प्रत्येक ठिकाणी प्रश्न उभा राहतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने वाट करून दिली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देते. जुन्या करप्रणालीत पंच्याहत्तर हजारांची, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. आई-वडिलांच्या मागे त्या मुलाला रक्कम मिळत राहील अशा मान्य विमायोजनेत भरलेला पैसाही तिच्यात येतो. मृत्युपत्र करून मुलाच्या नावे खासगी न्यास करता येतो, ज्यात भाऊ एक विश्वस्त आणि बाहेरचा एखादा विश्वासू माणूस दुसरा. गोदामातल्या मालाचा विमा दरवर्षी न चुकता उतरवणाऱ्या घरांत हा कागद वीस-वीस वर्षे होत नाही, कारण तो करायचा म्हणजे ‘आपल्या मागे’ हे शब्द मोठ्याने उच्चारावे लागतात.

सायंकाळी सारे गाडीकडे परततात. धाकटा भाऊ धावत येतो, खिशातले भाजलेले शेंगदाणे मोठ्याच्या ओंजळीत ओततो, टरफले सोलून देतो. आई पाहत असते. समितीकडे अर्ज करायचा तर पालक म्हणून कोणाचे तरी नाव लिहावे लागते, आणि लिहिण्यापूर्वी त्याला विचारावे लागते. घाट उतरताना अंधार पडतो, वाईचे दिवे दिसू लागतात, आणि मागच्या सीटवर दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपलेले असतात.