पो आटली त्या जूनमध्ये

२०२२च्या जूनमध्ये मी भाचीकडे इटलीतल्या तुरीनला होते. ती तेव्हा तिथल्या पॉलितेक्निको या तंत्रविद्यापीठात शिकत होती. ‘चिनेमाम्बिएन्ते’ची कार्यक्रमपत्रिका तिनंच माझ्यापुढे ठेवली. पर्यावरणावरच्या चित्रपटांचा हा महोत्सव १९९८ साली सुरू झाला, म्हणजे ही त्याची पंचविसावी खेप. “मावशी, अनुवाद मी करीन, तू फक्त चल,” ती म्हणाली.

महोत्सवाचं मुख्य ठिकाण म्हणजे चिनेमा मास्सिमो. मोले आन्तोनेल्लियाना या तुरीनच्या उंच इमारतीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि थिएटर तिच्या अगदी जवळ. तिथून पो नदीही पायी जाण्याइतकी जवळ. पहिल्या खेळाआधी आम्ही नदीवर गेलो. मोन्विझो पर्वताच्या कुशीत उगम पावून ६५२ किलोमीटर वाहणारी ही इटलीची सर्वांत लांब नदी. त्या दिवशी काठालगत गोट्यांचे आणि वाळलेल्या चिखलाचे पट्टे उघडे पडले होते. हिवाळ्यात आल्प्सवर बर्फ फारच कमी पडला होता, तीन महिन्यांहून अधिक काळ पावसाचा जवळपास पत्ता नव्हता. पो सत्तर वर्षांत इतकी आटली नव्हती, असं तिथले लोक सांगत होते. हे डोळ्यांत घेऊनच आम्ही थिएटरात शिरलो, आणि त्यानंतर पडद्यावर पाहिलेलं काहीच मला परक्या मुलखातलं वाटलं नाही.

सगळेच चित्रपट चांगले होते असं मी म्हणणार नाही. ड्रोननं घेतलेली जळती जंगलं, त्यावर गंभीर आवाजातलं निवेदन आणि मोठमोठे आकडे, असा एक ठरलेला साचा आता झाला आहे. तो मला बधिर करून टाकतो. ‘हनीलँड’ हा माहितीपट पाहिल्यापासून माझी कसोटी बदलली. उत्तर मॅसिडोनियातल्या एकट्या मधपाळ बाईसोबत, हातिजे मुरातोवासोबत, त्याच्या दिग्दर्शकांनी तीन वर्षं काढली. निम्मा मध माश्यांसाठी ठेवायचा, ही तिची रीत आपल्याला तिच्या हातांकडे बघता बघता कळते. अशी चिकाटी दिसली की मी खुर्चीत पुढे सरकून बसते.

मी भारतातली आहे हे कळल्यावर थिएटरात शेजारी बसलेल्या आजींनी लगेच दिल्लीच्या घारींचा विषय काढला. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाला नुकताच, मे महिन्यात, कान महोत्सवात ‘गोल्डन आय’ पुरस्कार मिळाला होता. वजीराबादच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करणाऱ्या, त्यात दिसणाऱ्या दोन भावांबद्दल आजींनी वाचलं होतं. मी तो अजून पाहिला नव्हता, पण घारींना मांस खाऊ घालण्याच्या जुन्या दिल्लीतल्या श्रद्धेबद्दल सांगू शकले. त्या मन लावून ऐकत होत्या.

एका संध्याकाळी हिमनद्यांवरचा माहितीपट होता. तो संपल्यावर दिवे लागले आणि लोक जागचे हलेचनात. कुणीतरी इटलीतल्याच प्रेझेना हिमनदीचं उदाहरण दिलं: तिथं २००८पासून दर उन्हाळ्यात बर्फावर पांढरी कापडं अंथरत आले होते, वितळणं मंदावावं म्हणून. त्यावर एक तरुणी ताडकन म्हणाली की ते स्कीइंगचा धंदा वाचवण्यासाठी आहे. वाद चांगलाच रंगला. भाची कानाशी अनुवाद करत होती आणि मध्येच स्वतःच बोलायला उठली.

मागच्या रांगेतला एक शेतकरी मात्र शांतपणे बोलला. त्याची भातशेती व्हेर्चेल्लीकडची. इटलीत भात पिकतो याचं आपल्याकडे अनेकांना नवल वाटेल, पण युरोपात सर्वाधिक तांदूळ इटलीच पिकवते. व्हेर्चेल्ली-नोव्हाराच्या खाचरांना पाणी पुरवणारा कावूर कालवा १८६६ साली वाहता झाला. पो आटली की कालवा आटतो. त्या शेतकऱ्याचा प्रश्न साधा होता: पाणी कमी पडलं तर कुणाचं शेत कोरडं ठेवायचं, हे ठरवायचं कुणी?

चर्चा संपल्यावर मी त्याला बाहेर गाठलं. भाचीला मध्ये घेऊन धुळ्याच्या पांझरा खोऱ्यातली फड पद्धत सांगितली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक, आणि प्रत्येक फडात बहुतेकांचा तुकडा असायचा. पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला की तूट सगळ्यांच्या वाट्याला येते, एकाच्याच गळ्याला फास बसत नाही. पाणी द्यायला गावानं नेमलेला पाटकरी असतो. हे सांगताना मला आतून भरून येत होतं, कारण आपल्याकडेही ही पद्धत बरीच मोडीत निघाली आहे, हेही त्याला सांगावं लागलं.

त्यानं वही काढली आणि फड कसे पाडतात ते मला काढून दाखवायला लावलं. मग विचारलं, यावर कुणी चित्रपट केला आहे का, तो इथं दाखवता येईल का? तेव्हापासून मी माहितीपट करणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला पांझरेच्या काठी जाऊन राहायला सांगते आहे, जुने पाटकरी आहेत तोवर. आमच्या त्या भेटीनंतर थोड्याच आठवड्यांत, ४ जुलैला, इटलीच्या सरकारनं पिएमोन्तेसह उत्तरेकडच्या पाच प्रांतांत दुष्काळी आणीबाणी जाहीर केली.