तुतारी, धुरा आणि तळेगावचा पट

जुलै उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात येणाऱ्या वृत्तपत्राच्या क्रीडापानावर एक मजकूर न चुकता दिसतो. ब्रिटनमधील ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फची स्पर्धा तोंडावर आलेली असते. यंदाचे मैदान कोणते, तेथील समुद्रवारा चेंडूला कसा छळतो, मागील वर्षी कोण जिंकले, यंदा कोणाची शक्यता अधिक, असा सारा तपशील त्यात असतो. शेवटी इतिहासाची एक चौकट. १८६० मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे पहिली स्पर्धा झाली, केवळ आठ खेळाडू होते, बारा खळ्यांच्या मैदानाला एकाच दिवसात तीन फेऱ्या घालून विली पार्क विजयी झाला आणि बक्षीस म्हणून त्याला चामड्याचा पट्टा मिळाला. अकोटात गोल्फचे मैदान नाही. आमच्यापैकी कोणी गोल्फची काठी हातातही धरलेली नाही. तरीही हा मजकूर आम्ही दोघे दरवर्षी आवडीने वाचतो, आणि दरवर्षी मनात एकच प्रश्न येतो. आठ माणसांच्या त्या खेळाची आकडेवारी दीडशेहून अधिक वर्षांनंतर अकोटात बसून वाचता येते. मग शंभराहून अधिक वर्षे आमच्याच जिल्ह्याशेजारी भरणाऱ्या तळेगाव दशासरच्या शंकरपटाचा असा पूर्ववृत्तान्त कोणी का लिहीत नाही?

हा लेख त्या प्रश्नातून सुचला. मात्र तो लिहिण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे, याविषयी आमच्या मनात शंका आहे. तिचे कारण पुढे येईलच.

वऱ्हाडाबाहेरील वाचकांसाठी प्रथम थोडी माहिती देणे आवश्यक आहे. तळेगाव दशासर हे अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव रेल्वे तालुक्यातील गाव. तेथील कृषक सुधार मंडळ जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, हा पट भरवते. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत आणि आमच्याकडील शंकरपट या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुणे जिल्ह्यात बैल चढणीचा घाट धावतात, पुढे घोडी असते. आमच्याकडे सपाट, सरळ धावपट्टी असते. तीही एक नव्हे, शेजारी-शेजारी दोन. प्रत्येक पट्टीवर एक जोडी, मागे अगदी हलका छकडा आणि छकड्यावर तोल सांभाळत धुरकरी. झेंडी पडली की दोन्ही जोड्या सुटतात. निकाल मात्र घड्याळ देते. पूर्वी ही घड्याळे माणसांच्या हातात असत, त्यामुळे भांडणेही होत. आता सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी विद्युत घड्याळे लागतात. शेजारच्या जोडीला मागे टाकूनही बक्षीस हुकू शकते, कारण सकाळी धावून गेलेली एखादी जोडी घड्याळात पुढे असते. गोल्फचा खेळाडूही समोरच्या माणसाशी खेळत नाही, फलकावरील आकड्याशी खेळतो. हे साम्य लक्षात आल्यावर आम्हाला गंमत वाटली.

‘धुरकरी’ हा शब्द भाषेच्या विद्यार्थ्यांनी थोडा थांबून पाहावा असा आहे. ‘धुर्’ म्हणजे जू, गाडीचा पुढचा भार. त्यावरून धुरा, धुरीण, धुरंधर. संस्थेची धुरा वाहणाऱ्या धुरीणांविषयी आपण गौरवपर लेखांतून सतत लिहितो. परंतु ज्याच्या पायाखाली खरोखरीची धुरा असते त्या माणसाला आपल्या गद्यात क्वचितच जागा मिळते.

बैलांविषयीही सांगायला हवे. विदर्भाची स्वतःची जात म्हणजे गवळाऊ. वर्धा-नागपूरकडची, पांढरी, अंगाने हलकी आणि चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजेचे सामान वेगाने वाहून नेण्यासाठी ही जात जोपासली गेली असे मानले जाते. पटाच्या बैलाला नांगराला सहसा जुंपत नाहीत. त्याचा खुराक, मालिश, रोजची धाव हे सारे वेगळे असते. कापसाच्या भावावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे असा शेतकरी हा खर्च का करतो, हा प्रश्न शहरी माणसाला पडतो. आमच्यापैकी एकाला तो अजूनही पडतो.

येथे आमच्यातील मतभेद सांगणे प्राप्त आहे. आम्ही दोघे एकाच विभागात मराठी शिकवतो. दोघांपैकी एक जण अकोल्यात नोकरदाराच्या घरी वाढलेला. पशूंना पळवून करमणूक करणे त्याला मुळातच मान्य नाही. दुसरी दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याची मुलगी. तिच्या घरी पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले जात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे त्यांना आमंत्रण दिले जाई, दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या रंगत. मात्र कासऱ्याला हात लावू दिला जाई तो भावांनाच. त्यामुळे पटाविषयी तिच्या मनात ओढही आहे आणि जुना रागही. वर्षानुवर्षे आम्ही याच मुद्द्यावर चहा गार करीत आलो आहोत.

एका गोष्टीत मात्र आम्ही एकत्र होतो, आणि ती आमची चूक होती.

२०१४ च्या जानेवारीतील घटना. बी.ए.च्या वर्गात केशवसुतांची ‘तुतारी’ शिकवणे चालू होते. कवी नेमके काय मागतो आहे, असा प्रश्न वर्गाला विचारला. मागच्या बाकावरील एक मुलगा, जो एरवी कधी बोलत नसे, उठून म्हणाला, “तुतारी मंजे बैलाले टोचाची ना, सर?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. वऱ्हाडात तुतारी म्हणजे टोकाला आर बसवलेली, बैल हाकायची काठी; हे आमच्यापैकी एकीला लहानपणापासून ठाऊक होते आणि दुसऱ्याला ठाऊक असायला हवे होते. त्या उत्तरातून केवढा तास घेता आला असता! एकाच शब्दाचे दोन प्रदेशांतील दोन अर्थ, झोपलेल्याला जागे करणारा नाद आणि दमलेल्याला पळवणारी टोचणी, दोहोंतील नाते. आम्ही ते केले नाही. ‘कविता शेतात नेऊ नका’ असे काहीसे बोलून पुढे गेलो. प्राध्यापक-कक्षात आल्यावर हा किस्सा इतरांना रंगवून सांगितला, आणि तेव्हाही आम्ही दोघे मिळून हसलो.

त्यानंतर आठच दिवसांनी अंतर्गत चाचणी होती. तो आला नाही. एका पटात धुरकरी म्हणून गेला होता. परत येऊन त्याने पुन्हा चाचणी घेण्याची विनंती केली. आजारी पडलेल्यांसाठी, क्रीडास्पर्धेला गेलेल्यांसाठी आम्ही ती घेत असू. त्याच्या बाबतीत ‘पट ही काही क्रीडास्पर्धा नव्हे’ असे ठरवायला आम्हाला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्या वर्षअखेर त्याने महाविद्यालय सोडले. केवळ आमच्यामुळे सोडले असे म्हणणे अहंकाराचे होईल; घरची परिस्थिती होती, नापिकी होती. परंतु कारणांच्या यादीत आम्हीही होतो.

त्याच वर्षी ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीत धावण्यासाठी नाही, वेदना आणि भय यांपासून मुक्त असणे हा प्राण्याचाही हक्क आहे, असे सांगून न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यती बंद केल्या. केंद्र शासनाने २०११ मध्येच बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत केला होता. त्या धोरणावर हे शिक्कामोर्तब झाले. आमच्यापैकी एकाने कक्षात पेढे वाटले नाहीत एवढेच. दुसरीने तो निकाल दोनदा वाचला आणि त्यातील बैलाविषयीचे म्हणणे तिला खोडता आले नाही. लहानपणी पाहिलेली, आरीने फाटलेली पाठ तिला आठवत होती. पुढे कळले की त्या मुलाच्या वडिलांनी जोडी विकली. पटाच्या बैलाला पट बंद झाल्यावर कोणत्या बाजारात काय भाव येतो, हे सांगायला नको.

२०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून अटींसह शर्यतींना वाट करून दिली, परंतु प्रकरण न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पशुवैद्यकाने बैल तपासून द्यावा लागतो, धाव एक हजार मीटरहून अधिक असता कामा नये, काठी, चाबूक, आर काहीही वापरता येत नाही. नियम मोडणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कागदावर हे सारे चोख आहे. धावपट्टीवर किती चोख असते, हे तेथे गेल्याशिवाय कळणार नाही.

मध्यंतरी आम्ही विद्यार्थ्यांसह आनंद यादवांची ‘गोतावळा’ वाचत होतो. शेतावरील गडी नारबा, त्याचा जनावरांशी जडलेला जीव आणि ट्रॅक्टर आल्यावर एकेक करून सुटत जाणारी ती नाती. आजच्या वर्गातील किती जणांच्या घरी बैल आहेत, असे विचारले. वर येणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. पट हा बैलाचा छळ आहे, की नांगरातून सुटलेल्या बैलाला दावणीला ठेवण्याचे उरलेले एक निमित्त? आम्हाला वाटते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि म्हणूनच हा वाद चहाच्या पेल्यात मिटत नाही.

गोल्फशी तुलना आणखी एका कारणासाठी करावीशी वाटते. भारतात गोल्फ साहेबाने आणला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९१ मध्ये ती अली शेरने जिंकली. तो पूर्वी दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी होता. ही कथा आज सांगता येते, कारण त्या खेळात प्रत्येक फटका कोणीतरी लिहून ठेवला. पटात विजेत्यांची स्मृती तोंडी असते. अमक्या गावच्या जोडीने अमक्या साली किती सेकंद घेतले, हे पारावरची म्हातारी माणसे बैलांच्या नावांनिशी सांगतात, आणि ती माणसे गेली की तो इतिहासही जातो. लोकसाहित्याच्या नावाने ओव्या आणि झडत्या गोळा करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे कधी टिपून घेतले नाही. पूर्व विदर्भात तर दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक असा जोड आहे. त्या नाटकांवर प्रबंध झाले. ज्या पटाच्या गर्दीवर ती नाटके उभी राहिली त्याचा उल्लेख प्रस्तावनेत उरकला गेला.

गेल्या पोळ्याला तो मुलगा अकोटच्या बाजारात भेटला. मुलगा कसला, आता तिशी ओलांडलेला शेतकरी. झूल आणि मठाट्या घ्यायला आला होता. आम्ही ओळख द्यावी की नाही या विचारात असतानाच त्याने वाकून नमस्कार केला. नवी जोडी घेतली आहे, तळेगावला उतरवणार आहे, असे म्हणाला. निघताना थांबला. “या ना सर, मॅडम, पटाले. आता तुतारी न्याले बंदी हाये.” तो हसत होता. टोमणा होता की सरळ निमंत्रण, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. वर्गातील त्या दिवसाविषयी आम्ही त्याच्याजवळ काही बोललो नाही. बाजारात ते बोलता येण्यासारखे नव्हते, असे आम्ही स्वतःला सांगितले.

तेव्हा यंदा जायचे ठरले आहे. अकोटहून अंजनगाव, दर्यापूर, अमरावती, चांदूर रेल्वे असा रस्ता आहे. जो पटाचा विरोधक आहे तो बैल जवळून पाहणार आहे: पाठीवर ओरखडे आहेत का, शेपटी पिरगळली जाते का, तोंडाला फेस किती येतो, पशुवैद्यक खरोखर तपासतो का. आढळेल ते तो लिहिणार आहे, आणि वाईट आढळले तर तेही त्याच गृहस्थाला दाखवणार आहे, ज्याच्या निमंत्रणावरून आम्ही जात आहोत. दुसरीला शेवटचा दिवस चुकवायचा नाही, कारण त्या दिवशी बायका धुरकरी म्हणून छकड्यावर उभ्या राहतात. घरचा कासरा हाती न लागलेल्या बाईला तो दिवस पाहायचाच आहे.

पूर्ववृत्तान्तात संभाव्य विजेत्याचे नाव द्यायची पद्धत असते. ते आम्हाला देता येणार नाही. जोड्यांची नावेही आम्हाला तेथे गेल्यावरच कळतील. सोबत दोनशे पानी वही घेतली आहे. जोडी, गाव, धुरकरी, वेळ असे चार रकाने आखून झाले आहेत. द्वितीय वर्षाचे चार विद्यार्थी बरोबर येणार आहेत. त्या आठवड्यात त्यांची अंतर्गत चाचणी आहे. ती आम्ही पुढे ढकलली आहे.